नालच्या पुढं पाच

विटीदांडूत आमच्या गावची मोजणी अशी होती : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, येद, झक्कू. दुसऱ्या गावांत थोडा फरक असायचा. कुठं लेंडला रेंड म्हणायचे, कुठं येदला वेद, झक्कूला झकू. पण सुरुवात वकटानं आणि मधे नाल, हे मी ज्या ज्या गावच्या पोरांबरोबर खेळलो तिथं सारखंच होतं.

ज्यांनी दांडू हातात धरलेला नाही अशीही माणसं हे वाचतील, म्हणून थोडं सांगतो. विटी वीतभरापेक्षा कमी, दोन्ही टोकांना निमुळती. दांडू दीड हाताचा. बाभळीचा दांडू चिवट पण मनगट दुखवतो, लिंबाचा हलका पण जोराच्या टोल्याला तडकतो. जमिनीत एक लांबट उथळ खड्डा काढायचा, त्याला गल म्हणायचं. गलीवर विटी आडवी ठेवायची आणि दांडूनं कोलायची. समोरच्यानं वरच्या वर झेलली की डाव गेला. नाही झेलली तर त्यानं पडल्या जाग्यावरनं विटी फेकून गलीवर आडवा ठेवलेला दांडू टिपायचा. तोही हुकला तर मग खरा खेळ सुरू. गलीपासून विटीपर्यंत दांडूनं अंतर मोजायचं. वकट, लेंड, मूंड... झक्कू झाला की परत वकट. शेवटचा दांडू ज्या नावावर पडेल त्या नावाचा टोला.

वकट आला तर विटी पायाच्या पंजावर ठेवून उडवायची. लेंडाला मनगटावर. मूंडाला मुठीवर. नालाला पहिलं बोट आणि करंगळी वर करून त्या दोन बोटांवर. आर कोपरावर. येद मिटलेल्या डोळ्यावर! मान मागं टाकायची, डोळ्यावर विटी ठेवायची, मानेला हिसका द्यायचा आणि पडता पडता तिला मारायचं. ते भल्याभल्यांना जमत नसे. झक्कू सगळ्यांत सोपा, हातानं विटी उडवून मन मानेल तसा टोला. त्यामुळं मोजताना सगळ्यांचे डोळे शेवटच्या दांडूवर. दांडू कुणी तिरका टाकतोय का, मधे बोटभर जागा सोडतोय का, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. पाढे म्हणताना छडी खाणारी पोरं इथं सातासातानं अंतर तोडून, ‘ह्यो मूंडावर जातोय बग’ असं लांबूनच सांगायची.

या शब्दांचे अर्थ आम्ही आमच्या अकलेनं लावले होते. नाल म्हणजे बैलाच्या खुराचा नाल, कारण दोन बोटं वर केली की आकार तसाच होतो. आर म्हणजे पराणीची आर, कोपर तसंच टोकदार. मूंड म्हणजे मुंडकं, मूठ मुंडक्यासारखी दिसते. लेंडावर तर हसूच. गावात शेरडं-मेंढरं उदंड, लेंड्यांना काय तोटा? वकट आणि येद कुठं बसवता आले नाहीत, ते तसेच राहू दिले. हे अर्थ पक्के होते. मला ते दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत पुरले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचा माण तालुका तसा दुष्काळाला नवखा नाही, आणि पाऊस दोन वर्षं आधीपासूनच ओढ धरत होता. पण बहात्तर साल वेगळंच. आड आटले, जनावरं दावणीची सोडून दिली, परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळायचा त्याच्या भाकरी. थापताना चिरायच्या आणि खाताना घशाला लागायच्या. गावापासून कोसभर माळावर पाझर तलावाचं काम निघालं. गावातली झाडून सगळी माणसं कामावर. ज्यांच्या वाड्याच्या पायरीला कधी माती लागली नव्हती त्यांच्या बायकासुद्धा डोक्यावर पाटी घेऊन रांगेत. आमचे दादा खणायला, आई पाट्या टाकायला. मी पाचवीत होतो. शाळा सुटली की दप्तरासकट कामावर जायचो, कारण तिथं सुकडी वाटायचे. ती गोड सुकडी ज्यानं खाल्ली तो तिची चव विसरलेला नाही.

त्या कामावर वडारांची दहा-बारा बिऱ्हाडं आली. गाढवं, कुत्री, पाठीवर पोरं. माळाच्या पलीकडच्या अंगाला त्यांनी पालं ठोकली. जिथं आमच्या माणसांच्या कुदळी ठणठणायच्या तिथं ही माणसं खालच्या मुरुमात नेम धरून पहार अशी घालायची की ढपलाच निघायचा. मोजणीसाठी खड्ड्यात मधेमधे मातीचा एकेक उंचवटा तसाच ठेवायचे. मुकादम टेप लावायच्या आधीच त्यांच्यातला एक म्हातारा नुसत्या नजरेनं सांगायचा, आज किती माती निघाली ते. आणि तो आकडा बरोबर यायचा. म्हणून मुकादमाला तो आवडत नसे.

हा म्हातारा बांधावर बसून बायकांच्या पाट्या मोजायचा. पाटी टाकून बाई गेली की एक खडा बाजूला. मोजणं तोंडानं, मोठ्यांदा. आम्ही चार-पाच पोरं सुकडीची वाट बघत जवळच बसलेलो. आणि कानावर आलं, ‘वकटी... रेंडु... मूडु... नालुगु...’

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि फुटलोच. म्हातारा विटीदांडू खेळतोय! एकानं तर पुढं होऊन विचारलं, ‘म्हातारबा, गल कुठं हाय तुमची?’ म्हाताऱ्याला काही कळलं नाही. तो आपला मोजतच राहिला. पुढं ‘ऐदु, आरु, येडु’ झालं, आणि आम्ही झक्कूची वाट बघतोय तर झक्कू आलाच नाही. आणखी कसलेसे शब्द येत गेले. आम्हाला वाटलं, म्हातारा चुकला.

म्हाताऱ्याचा नातू आमच्याच वयाचा. नाव त्याचं मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. तो आज कुठंतरी असेल, त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव पुस्तकात घालायचा मला हक्क नाही. त्यानं शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. पण आम्ही तलावाच्या कोरड्या पोटात विटीदांडू मांडला की तो बांधावर येऊन बसायचा. चार दिवस बसला, पाचव्या दिवशी एक गडी कमी होता म्हणून त्याला घेतला. कामावर हे चालायचं. तिथं सगळ्यांच्याच अंगावर सारखीच धूळ, आणि आयाबाया कामात, बघायला कुणाला सवड नव्हती.

कोलायला तो असा तयार होता की बोलायची सोय नाही. जन्मापासून हातात छिन्नी-हातोडी बघितलेली, मनगटाचा अंदाज पक्का. पहिल्याच डावात त्याची विटी लांब गेली. मोजायची पाळी त्याचीच. तो दांडू टाकत निघाला, ‘वकट, लेंड, मूंड, नाल, ऐद, आर.’ सहा दांडू भरले. विटी कोपरावर ठेवून तो उभा राहिला.

आम्ही ओरडलो. सहा दांडू म्हणजे येद, डोळ्यावर ठेव! हा मधेच काहीतरी घुसडून डोळा चुकवतोय. तो म्हणाला, चुकवत नाही, तुम्हीच चुकताय. आम्ही परत मोजून दाखवलं. त्यानं डावा हात पुढं केला, एकेक बोट मिटत गेला. वकट, लेंड, मूंड, नाल. अंगठा तेवढा उभा राहिला. तो म्हणाला, ‘तुमच्यात हाताला बोटं चारच हायती का? पाच कुठं गेलं तुमचं?’

मला अजून आठवतं, माझ्या पोटात काहीतरी हललं. नाल म्हणजे बैलाचा नाल नाही. नाल म्हणजे चार. वकट एक, लेंड दोन, मूंड तीन. म्हातारा विटीदांडू खेळत नव्हता, आम्हीच इतकी वर्षं म्हाताऱ्याचे आकडे मोजत होतो आणि त्यातला पाच आमच्या बापजाद्यांनी कुठंतरी सांडला होता. त्यामुळं सहाचा आर पाचव्या जाग्यावर आणि सातचा येद सहाव्या जाग्यावर सरकलेला.

भांडण मिटलं ते असं. कामावर खेळताना ऐद धरायचा. ऐदाला टोला कुठला? त्यानंच सांगितलं, पाची बोटं उघडी करून तळहातावर. तो उन्हाळा आम्ही आठाच्या मोजणीनं खेळलो.

पुढं त्र्याहत्तरला पाऊस झाला. काम बंद झालं, पालं उठली. पण आमच्या दादांनी त्याच म्हाताऱ्याला गाठून आमची विहीर उक्ती दिली. दुष्काळानं सगळ्यांनाच विहिरीचं वेड लागलं होतं. म्हाताऱ्याचं बिऱ्हाड आमच्या रानात येऊन राहिलं. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाणाला पहारीनं भोकं पाडून सुरुंगाचे बार. सहा परसावर उगवतीच्या अंगाला पाझर फुटला. दादांनी नारळ फोडला, म्हाताऱ्याला धोतर-फेटा दिला. आणि त्याच विहिरीचं पाणी आमची आई त्या माणसांना वरून ओंजळीत घालायची. ते मी रोज बघत होतो. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे.

एके दिवशी तो मारुतीच्या देवळापुढं आला. गावातला आमचा विटीदांडूचा मूळ आखाडा तो. त्यानं नवा दांडू केलेला, काचेनं घासून गुळगुळीत. त्या दिवशी वरच्या आळीशी आमचा डाव होता आणि मोजणी माझ्याकडं. वरच्या आळीचा एक थोराड पोरगा म्हणाला, ‘ह्याला कुणी बोलिवलं?’ सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तो आमच्या रानात राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, ‘मला न्हाय म्हाईत. ह्यो आमचा खेळ हाय, ह्याचं काय काम?’

तो काही चिडला नाही. म्हणाला, ‘तुमचा हाय का? मग मोज की.’

मी दांडू टेकला. वकट, लेंड, मूंड, नाल. आणि तिथं जीभ अडली. मागनं पोरं ओरडली, ‘आर! आर म्हण की!’ मी आर म्हणालो. मान वर केली तेव्हा तो पिंपळाच्या पाराला वळसा घालून चालला होता. विहीर बांधून होईपर्यंत ती माणसं आणखी महिनाभर आमच्या रानात होती. तो मला दिसायचा, मी त्याला दिसायचो. एवढंच.

मी दहावीपर्यंत शिकलो आणि शेतीत पडलो. ही गोष्ट मनात होती पण तिला कुणाचा दुजोरा नव्हता. पोरवयातलं ऐकणं, खरं-खोटं कोण सांगणार? मग पुढं कांदा घेऊन सोलापूरला जाणं व्हायला लागलं. एकदा पट्टी मिळायला दुसरा दिवस उजाडणार म्हणून पूर्व भागात एका ओळखीच्याकडं मुक्काम केला. तो सगळा भाग तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा. घरोघरी माग आणि बायकांच्या मांडीवर विड्यांची सुपं. शेजारची म्हातारी उंबऱ्यात बसून जुड्या मोजत होती. वकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. मी तिथंच बसून राहिलो. म्हातारीनं ‘काय पाहिजे’ म्हणून विचारलं, तिला काय सांगणार?

त्यानंतर मी या गोष्टीच्या मागं लागलो. आमच्याकडं पुष्कळ माणसं सांगतात की विटीदांडूची मोजणी कानडी आहे. ते अर्धंच खरं. कानडीत एक म्हणजे ओंदु आणि दोन म्हणजे एरडु. आमच्या वकट-लेंडाशी ते जुळत नाही. नाल, ऐद, आर हे कानडीच्याही जवळचे आहेत, पण वकट आणि लेंड तेलुगूकडंच बोट दाखवतात. कर्नाटकात या खेळाला चिन्नीदांडू म्हणतात, उत्तरेत गुल्लीदंडा. खेळ सगळ्या मुलखाचा. मोजणी मात्र आपण मराठी मुलखात बसून तेलुगूत करत आलो, आणि सांगितल्याशिवाय कुणाला पत्ता नाही.

कानडीशी आपलं नातं तर उघडच आहे. ज्ञानोबांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य या भागावर होतं आणि त्यांचे कानडी शिलालेख आपल्या देवळांत अजून आहेत. त्याच सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेखही आहे. भाषा अशा एका अंगणात नांदत होत्या. घरात थोरल्या भावाला अण्णा आणि बहिणीला अक्का म्हणताना आपण कुणाची उसनवारी करतोय असं कुणाला वाटत नाही. पण ही राजांची आणि देवांची गोष्ट झाली, ती दगडावर कोरून ठेवली जाते. पोरांच्या खेळातले आकडे कुणी कोरले नाहीत.

ते कुणी आणले असतील? मला विचाराल तर माझ्या डोळ्यापुढं राजाही येत नाही आणि पंडितही येत नाही. बांधावर बसून खडे मोजणारा म्हातारा येतो. किल्ल्याचा तट, तळं, विहीर, घाटाचा रस्ता, जिथं दगड-माती तिथं वडार. माती वडार, गाडी वडार, जातं घडवणारे जाते वडार. गावोगाव जायचे, काम असेल तोवर माळावर राहायचे, आणि मोठ्यांदा मोजायचे. त्यांच्या आसपास गावची पोरं सुकडीसाठी नसली तरी दुसऱ्या कशासाठी तरी बसलेलीच असणार. हा माझा शेतकऱ्याचा अंदाज आहे, विद्वानांनी त्याला हसावं. पण बी वाऱ्यानं येतं, पाखरानं येतं, तसंच जनावराच्या शेपटीला चिकटूनही येतं. बांधावर उगवलेलं प्रत्येक झाड मुद्दाम लावलेलं नसतं.

खेळ जुने आहेत यात शंका नाही. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, टिपरी, हमामा, फुगडी यांवर अभंग आहेत. भजनात ते म्हणताना टाळ आपोआप जलद पडतात. पुढं शिकलेल्या माणसांनी यातले काही खेळ हातात घेतले. खो-खोला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास नियम बांधून दिले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानंही त्यात पुढं लक्ष घातलं. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी आपले खेळ तिथं करून दाखवले. हुतूतूची कबड्डी झाली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळालं. विटीदांडूच्या वाट्याला हे आलं नाही. त्याचं मला फार वाईटही वाटत नाही. नियम बांधणाऱ्यानं मोजणी एक, दोन, तीन केली असती. आता त्र्याऐंशीच्या विश्वचषकानंतर क्रिकेट गावात आलं आणि देवळापुढच्या गली बुजल्या, ते वेगळं. गल बुजली तिथं ग्रामपंचायतीनं फरशी घातली. फरशीत गल कशी काढणार?

परवा नातवाच्या शाळेत पारंपरिक खेळांचा दिवस होता. मला दांडू करून मागितला. मी बाभळीचा केला, दोन दिवस सावलीत वाळवला. पोरांना सरांनी छापील कागद दिलेला. त्यावर मोजणी होती. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, येद, झक्कू. कागद बघून बरं वाटलं. रविवारी पोरं विहिरीजवळच्या मोकळ्या रानात खेळायला आली. विहीर तीच. कठड्याचा एक दगड तेवढा हाललाय, बाकी चिरा न् चिरा जाग्यावर. पोरं म्हणाली, आजोबा, तुम्ही पण या.

मी कोलली. गुडघे कुरकुरले, पण विटी बरी गेली. मोजायला मीच वाकलो. सात दांडू भरले. मी मोजलं ते असं : वकट, लेंड, मूंड, नाल, ऐद, आर, येद.

नातू कागद घेऊन पुढं आला. ‘आजोबा, सात म्हणजे झक्कू. हे मधलं ऐद कागदात नाही.’

म्हटलं, ‘कागदात नसू दे. माझ्या डावात धर.’

‘मग तुम्हाला डोळ्यावर ठेवावी लागंल. झक्कू सोप्पा असतो.’

मान मागं टाकली, डोळा मिटला आणि विटी डोळ्यावर ठेवली. चष्मा आधी नातवाच्या हातात दिला होता. हिसका दिला, दांडू फिरवला. विटी पायाशी पडली आणि दांडू नुसता वाऱ्यातनं गेला. पोरं ‘आउट, आउट’ करत नाचायला लागली, आणि पुढच्याचा डाव सुरू झाला.